पाहिजे : एक इन्व्हेस्टर!

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासात. ऑफिसातली निम्मी जनता मनाने ऑलरेडी लोणावळ्याला पोचलेली. उरलेली निम्मी 'फक्त पाच मिनिटांच्या' कॉलमध्ये अडकलेली. मी दुसऱ्या गटात. तेवढ्यात मोबाइलवर जालन्याचा फोन वाजला.

"बिझी हायस का?"

"बोल ना कॅप्टन."

"तू तिथं दिवसभर पीपीटीच बनवतोस ना? मंग एक आपल्या क्लबची बनव. आपून इन्व्हेस्टर शोधायलोत."

मी म्यूट करायला विसरलो असतो तर अख्ख्या टीमने माझं हसणं ऐकलं असतं. इन्व्हेस्टर! आमच्या क्लबला! ज्या क्लबच्या गोलपोस्टला मागच्या पावसाळ्यापर्यंत जाळी नव्हती आणि ज्याचं 'हेड ऑफिस' म्हणजे कॅप्टनच्या मामाच्या हार्डवेअर दुकानाचं पोटमाळ्यावरचं गोडाऊन, त्या क्लबला?

पण कॅप्टन हसत नव्हता. "सर रिटायर झाले," तो म्हणाला. "दर महिन्याला खिशातून घालायचे. आता पेन्शनमधून घालतो म्हणतेत. आपल्याला पटंना."

माझं हसणं तिथेच थांबलं.

आमचे सर म्हणजे शाळेतले पीटीचे सर. क्रिकेटवेड्या गावात त्यांनी एकट्याने फुटबॉलचं खूळ आणलं. तुम्ही कधी जालन्याला गेला असाल तर तुम्हाला कळेल की हे किती अवघड काम आहे. 'जालना सोने का पालना' म्हणतात, आणि पालना आहेच : एमआयडीसीत सळयांच्या मिल्स, जिच्यामुळे देशात हायब्रिड बियाणं रुजलं ती महिको इथे १९६४ साली सुरू झाली, मोसंबीला तर जीआय टॅग मिळालाय. पैसा आहे बॉस, भरपूर आहे. पण फुटबॉलकडे तो कधी वळला नाही. अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपमध्ये २०१४ साली भारताचा कॅप्टन होता आपल्या जालन्याचा विजय झोल. झालं, त्यानंतर जो तो पोरगा पॅड बांधून मैदानात!

तरीही सरांकडे आज ऐंशीच्या आसपास पोरं आहेत. त्यातल्या बाराएक मुली. बरीचशी मिल कामगारांची, काही मोंढ्यातल्या हमालांची, दोन-तीन डॉक्टरांची. २०१७ मध्ये आपल्याकडे सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' नावाने एकाच दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला फुटबॉल खेळायला लावलं होतं, आठवतंय? शाळाशाळांत बॉल वाटले होते. बऱ्याच ठिकाणी ते बॉल कपाटात गेले. सरांनी ते कपाटातून काढून आणले. शेजारच्या तीन शाळांच्या हेडमास्तरांना चहा पाजून.

अशा माणसासाठी पीपीटी बनवायला नाही म्हणणार कोण?

स्लाइड क्रमांक एक

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला. पहिल्या स्लाइडवर 'इन्व्हेस्टमेंट अपॉर्च्युनिटी' असं झकास फाँटमध्ये लिहिलं आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. म्हणजे नक्की कसली अपॉर्च्युनिटी? फुटबॉल क्लबमध्ये पैसे घालणाऱ्या माणसाला परत काय मिळतं?

आणि मग मला बालेवाडी आठवली.

२०१० साली मी इंजिनीअरिंगला पुण्यात आलो. रूमवर टीव्ही नव्हता, गर्लफ्रेंड नव्हती, वेळ मात्र जाम होता. कुणीतरी म्हणालं, बालेवाडीला आय-लीगच्या मॅचेस असतात. गेलो. समोर पुणे एफसी. अशोक पिरामल ग्रुपने २००७ मध्ये काढलेला क्लब. २००९-१० ला आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच सीझनला तिसरा! २०१२-१३ ला तर दुसरा. मिडफिल्डमध्ये अराता इझुमी नावाचा एक जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा खेळाडू होता. भारताकडून खेळता यावं म्हणून गड्याने जपानचा पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये खेळलाही. स्टेडियम मोठं, प्रेक्षक थोडे. पण जे यायचे ते एकमेकांना नावाने ओळखायचे. माझे पुण्यातले पहिले मित्र मला तिथेच भेटले.

त्या वेळी वाटायचं, पुणं म्हणजे देशातलं पुढचं फुटबॉल शहर. वाटण्यासारखंच होतं. बघा ना : डीएसके ग्रुपने लिव्हरपूलशी हातमिळवणी करून अकादमी काढली होती आणि त्यांचा डीएसके शिवाजीयन्स २०१५-१६ ला आय-लीगमध्ये आला. कल्याणी ग्रुपने २०१४-१५ ला भारत एफसी उतरवला. आणि २०१४ मध्येच आयएसएल सुरू झाली, एफसी पुणे सिटी आली, मागे वाधवान ग्रुप, सोबत हृतिक रोशन, इटलीचा फिओरेन्तिना क्लब पार्टनर. बालेवाडीत डेव्हिड ट्रेझेगे! ज्याला आम्ही फक्त हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर, व्हिडिओ गेममध्ये बघितलं होतं, तो आमच्यापासून तीस मीटरवर वॉर्मअप करत होता. मी त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडलो.

एका शहरात चार क्लब. चारही मोठ्या उद्योगघराण्यांचे. आता त्यातले किती उरले असतील?

शून्य.

भारत एफसी एका सीझनमध्ये गुंडाळला, तळाला राहून. त्याच २०१५ मध्ये पुणे एफसीनेही सीनियर टीम बंद केली, अकादमी नंतर पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये लीगमधून बाहेर पडला आणि पाठोपाठ अख्खा ग्रुपच आर्थिक अडचणीत आला. आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपली. तिच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आली, बरेचसे खेळाडूही तिकडेच गेले. गंमत (की थट्टा?) अशी, की हैदराबादने २०२२ मध्ये आयएसएल जिंकली सुद्धा! मी ती फायनल टीव्हीवर बघितली. पेनल्टी शूटआउट. आनंद व्हावा की मत्सर, काही कळेना. म्हणजे घटस्फोट झालेल्या बायकोचा मुलगा बोर्डात पहिला आल्यावर जे होत असेल तसलं काहीतरी.

पण थांबा, पिक्चर अभी बाकी है. हैदराबादकडचे पैसे आटले, खेळाडूंचे पगार थकले, २०२४ मध्ये मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने. पुण्यातून हैदराबादला, हैदराबादहून दिल्लीला. आपल्या एचआरवालीनेही कुणाची इतक्या सहज बदली केली नसेल.

इथे मला इंग्लंडचं विम्बल्डन आठवलं. तिथे २००२ मध्ये क्लब लंडनहून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. चाहते म्हणाले, तुम्ही लायसन घेऊन जा, क्लब आम्ही इथेच ठेवतो. आणि त्यांनी उघड्या मैदानावर ट्रायल घेऊन नवा एएफसी विम्बल्डन उभा केला, अगदी खालच्या पायरीपासून. नऊ वर्षांत, २०११ ला, ते व्यावसायिक लीगमध्ये परत! पुण्यात आम्ही काय केलं? ग्रुपवर दोन दिवस रडके स्मायली टाकले. मग कुणीतरी प्रीमियर लीगची स्क्रीनिंग कुठल्या पबमध्ये आहे ते विचारलं.

आपलीही चूक आहे, असं म्हणतोय मी.

शेठ चांगला, पण शेठचं खातं?

कॅप्टनला रात्री हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पैशेवाले बेकार असतेत?"

तसंही नाही ना. मुंबईचा महिंद्र युनायटेड घ्या. १९६२ पासूनचा क्लब. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, फेडरेशन कप दोनदा, ड्यूरँड तीनदा. खेळाडूंना वेळेवर पगार, नीट व्यवस्था. कसलाही तमाशा नाही. आणि २०१० मध्ये कंपनीने शांतपणे ठरवलं की आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, आणि टीम बंद. ट्रॉफी कपाटात, विषय संपला. मालक वाईट नव्हता. फक्त क्लब हा त्याच्या वहीतला एक खर्चाचा कॉलम होता, आणि कॉलम कधीतरी डिलीट होतो. (ज्यांनी रिसेशनमध्ये ऑफिसची कॅण्टीन सबसिडी जाताना बघितलीय, त्यांना मी काय वेगळं सांगू?) एस्सेल ग्रुपचा मुंबई एफसी तसाच. २००७ मध्ये आला, दहा वर्षं टिकला, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि खेळच आटोपला. ज्या खालिद जमीलने वर्षानुवर्षं तुटपुंज्या बजेटमध्ये तो क्लब तगवला, तो २०२५ मध्ये भारताचा कोच झाला.

गोव्यात तर अख्खी व्यवस्थाच खाणींवर उभी होती. धेंपो, साळगावकर. धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकलीय, चेष्टा नाही. पण २०१२ मध्ये खाणकाम बंद झालं आणि गावागावातले ट्रक जसे उभे राहिले, तसा फुटबॉलचा पैसाही आक्रसला. त्यात २०१६ मध्ये फेडरेशनच्या नव्या आराखड्यात आपल्याला दुय्यम जागा, म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो २०२४-२५ मध्ये परत आला. आठ वर्षांनी. म्हणजे मालकाची जिद्द हवीच, पण मालकाचा धंदा ज्यावर चालतो तेही चालत राहायला हवं.

हे ऐकून कॅप्टन एकदम गप्प. कारण आमच्या यादीतले सगळे संभाव्य इन्व्हेस्टर सळयांच्या मिलवाले. स्टीलचा भाव पडला, विजेचा रेट वाढला, की मिलची एक शिफ्ट बंद. मग आमची जाळी आधी जाणार की त्यांची भट्टी?

"मंग फॉरेनचा बघायचा का?" कॅप्टन म्हणाला. जोक होता, पण मी मनावर घेतला.

मुंबई सिटी एफसी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. उरलेला ३५ टक्के रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे. भारतीय फुटबॉलमध्ये याहून मोठा 'बाहेरचा पैसा' आला नव्हता. आणि फरक लगेच दिसला, मान्यच करावं लागेल. २०२०-२१ ला लीग शील्ड आणि कप दोन्ही. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया या क्लबला २-१ ने हरवलं. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला विजय! २०२३ ला परत शील्ड, २०२४ ला परत कप.

पण २०२५ उजाडलं आणि लीगचाच पाया हलला. फेडरेशनने २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटींना दिले होते. ती मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती आणि पुढचं काहीच ठरत नव्हतं. सीझन लांबणीवर. क्लबांनी सराव थांबवले, कुणी पगार थांबवले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुपने आपला हिस्सा सोडला. क्लब परत जुन्या मालकांच्या हाती. जगात इतके क्लब चालवणारी माणसंही म्हणाली, की पुढच्या वर्षी लीग कधी आहे हेच माहीत नसेल तर आम्ही हिशेब कसा करायचा?

त्यांचा हिशेब बरोबरच होता. पण मुंबईच्या पोराला तो हिशेब कसा समजावणार?

इकडे कोल्हापुरात...

रविवारी माझा रूमी उठला. कोल्हापूरचा. माझी स्लाइड बघून त्याने असा काही चेहरा केला, जसा पुण्यातली मिसळ बघून करतो तसा.

"इन्व्हेस्टर कशाला पाहिजे भावा? तालीम काढा."

यावर तो एक तास बोलला, आणि खरं सांगतो, त्या तासात मला जे कळलं ते दोन दिवसांच्या गूगलिंगमध्ये कळलं नव्हतं. कोल्हापुरात क्लब म्हणजे कंपनी नाहीच. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम... जी संस्था गणपती बसवते, जिच्या लाल मातीत आजोबा कुस्ती खेळले, तिचीच फुटबॉल टीम. पेठेतल्या घरात बारसं झालं की पोरगा जन्मतः मेंबर. पैसा येतो वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून, कधी नेत्यांकडून. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की तिकीट काढून माणसं येतात, स्टेडियम खच्चून भरतं, आणि हे सगळं कुठल्याही टीव्ही चॅनेलच्या जिवावर नाही. तिथूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

"भांडणं पण होत्यात," रूमीने प्रामाणिकपणे कबूल केलं. "नेते पण घुसत्यात. पण कोण क्लब उचलून हैदराबादला न्यायचा म्हटला, तर पेठंत पाय ठेवून दावू दे."

हे वाक्य मी तसंच्या तसं स्लाइडवर टाकावं असं फार वाटलं.

पण आमचं जालना कोल्हापूर नाही ना. पेठ-पेठ असली ईर्ष्या तिथे कुस्तीला असेल, गणपतीला असेल, फुटबॉलला नाही. शंभर वर्षांची माती तीन महिन्यांत तयार होत नाही, कितीही भारी स्लाइड बनवली तरी.

सीए म्हणाला...

मग मी शेवटी शहाण्या माणसाने पहिल्यांदा जे करायचं ते केलं. सीए झालेल्या शाळेतल्या मित्राला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न : "तुमचा क्लब आहे काय? म्हणजे कागदावर."

कागदावर आमचा क्लब म्हणजे संस्था. सोसायटी म्हणून रजिस्टर, आणि पब्लिक ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. आपल्याकडचे बहुतेक छोटे क्लब, व्यायामशाळा, मंडळं अशीच असतात. "मग कसला इन्व्हेस्टर?" सीए म्हणाला. "ट्रस्टला शेअर नसतात. विकणार काय? तुम्हाला मिळू शकतो तो दाता, किंवा स्पॉन्सर. शेअर विकायचे तर कंपनी काढा, मग मैदान मागायला जाल तेव्हा नगरीचा साहेब म्हणेल, अरे तुम्ही तर धंदा करताय!"

दोन दिवसांची माझी झकास पहिली स्लाइड गेली कचऱ्यात.

दाता आणि स्पॉन्सर यातला फरकही आपण समजतो तितका साधा नाही. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना (पाच कोटी निव्वळ नफा ही त्यातली एक अट) मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्या यादीत ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण येतं. फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आहेच. म्हणजे जालन्यातल्या मोठ्या मिलकडे पोरांच्या कोचिंगसाठी देता येण्यासारखे पैसे नियमानेच पडून असू शकतात. सही ना? पण त्याच पैशातून कंपनीने आपल्या सळयांची जाहिरात जर्सीवर छापून घेतली, तर ती स्पॉन्सरशिप. मार्केटिंगच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. शिवाय संस्थेकडे टॅक्सची नोंदणी हवी, सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरलेला हवा, तीन वर्षांचा ऑडिट झालेला हिशेब हवा.

"ऑडिट?" कॅप्टन म्हणाला. "सरांची वही हाय ना."

सरांची वही मी बघितलीय. दोनशे पानी, लाल कव्हर. 'बॉल ३ नग', 'परभणी एसटी भाडे', 'केळी'. प्रत्येक नोंदीपुढे तारीख. शेवटच्या कॉलममध्ये 'स्वतः' असं लिहिलेलं. पानामागून पान, वर्षामागून वर्ष. स्वतः. स्वतः. स्वतः.

सीएने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून कॅप्टन खुर्चीतून उठला. फिफाचा नियम आहे : खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. म्हणजे आपला एखादा पोरगा उद्या युरोपात... कॅप्टनने मनातल्या मनात फ्लडलाइट्स लावून टाकले! मी त्याला आठवण करून दिली, की त्यासाठी पोराची नोंद जिल्हा संघटनेपासून वर फेडरेशनपर्यंत क्लबच्या नावावर असायला हवी, आणि आपल्या निम्म्या पोरांचे जन्मदाखलेच फाइलला नाहीत. तो परत बसला. पण सोमवारपासून दाखले गोळा करायला लागला, हे मात्र खरं.

शेठच्या केबिनमध्ये

दोन आठवड्यांनी मी सुट्टी टाकून जालन्याला गेलो. पीपीटी आता सात स्लाइडची. गुंतवणूक हा शब्द कुठेही नाही. वर्षाचा खर्च सहा लाखांच्या आत : दोन कोचचं मानधन, जिल्ह्याबाहेरचा प्रवास, बूट, बॉल, फर्स्ट एड, मुलींसाठी मैदानाजवळ एक बंद खोली आणि टॉयलेट. (मुली दहावीनंतर खेळ का सोडतात यावर सेमिनार होतात. आमच्या मैदानावर उत्तर एका टॉयलेटचं होतं.)

शेठ मोकळे होते. केबिनमध्ये एसी, भिंतीवर बालाजी, टेबलवर सोललेली मोसंबी. पहिल्या स्लाइडवरच त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. "बेटा, ये सब रहने दो. किती पोरं आहेत? कुठली आहेत?" कॅप्टनने सांगितलं. त्यातल्या नऊ पोरांचे बाप शेठच्याच मिलमध्ये आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

मग ते म्हणाले, सहा लाख देतो. तीन वर्षं देतो. लेखी देतो.

आणि क्लबचं नाव बदला. आमच्या ब्रॅण्डचं नाव द्या.

केबिनमध्ये फक्त एसीचा आवाज. माझ्या डोक्यात भराभर गणित : तीन वर्षं, अठरा लाख, दोन कोच, ती खोली. नाव काय, नावात काय आहे! मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं सुद्धा. माझ्यातला कॉर्पोरेट माणूस कधीच विकला गेला होता.

कॅप्टन म्हणाला, "शेठ, नाव सरांनी ठेवलेलंय. त्यांना इचारावं लागंल."

मी त्याला टेबलाखालून पाय मारला. त्याने परत मारला. जोरात. शेवटी डिफेंडर तो.

मला वेल्सचं रेक्सहॅम आठवलं. २०११ पासून तो क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा होता. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी हे अ‍ॅक्टर तो घ्यायला आले, वीस लाख पौंड घालायची तयारी दाखवून. तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रस्टच्या मेंबरांनी आधी मतदान केलं, आणि ९८.६ टक्के मतं बाजूने पडली. पण त्याआधी त्या दोघांना सांगावं लागलं होतं की क्लबचं नाव बदलणार नाही, गाव बदलणार नाही. हॉलिवूडचा स्टार असून! हे मी शेठना सांगितलं. रेक्सहॅम त्यांना माहीत नव्हतं, पण 'मतदान' या शब्दाला ते हसले. "आमच्या घरात पण असंच आहे. मिल माझ्या नावावर, पण नाव आजोबांचं. वडिलांनी पण नाही बदललं."

त्यांना स्वतःलाच ते ऐकू गेलं असावं. कारण मग ते बराच वेळ मोसंबीच्या फोडी करत बसले.

सरांना संध्याकाळी विचारलं. मैदानावरच, पोरांचं ड्रिल चालू असताना. सर म्हणाले, "नाव बदलून पोरांना बूट मिळत असतील तर बदला की. मी काय नावासाठी केलं का?" आणि शिट्टी वाजवून पलीकडे गेले. कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. आता तर बदलणं आणखीच अवघड झालं.

रात्री गोडाऊनमध्ये मीटिंग. वीसेक जुने खेळाडू प्रत्यक्ष, बाकीचे मोबाइलवर : कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, एक दुबईत. भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. दुबईवाला म्हणाला, नाव घ्या आणि मोकळे व्हा, इमोशनल होऊ नका. मिलमध्ये सुपरवायझर असलेला आमचा जुना गोलकीपर म्हणाला, उद्या शेठच्या मुलाला क्रिकेट आवडलं तर? शेवटी ठरलं ते असं : क्लबचं नाव तसंच. पोरांच्या कोचिंगचा खर्च शेठच्या सीएसआरकडून मागायचा, जाहिरातीशिवाय. जर्सीवर ब्रॅण्ड हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे, वेगळा करार, एकेका वर्षाचा. आणि आम्ही नोकरीवाले दर महिन्याला पाचशे रुपये, ऑटो डेबिट, म्हणजे शेठ गेले तरी निदान बॉल आणि बस भाडं आपलं. मी हात वर केला तेव्हा लक्षात आलं की पुण्यात मी एका वीकेण्डला याच्या तिप्पट उडवतो, आणि वर्षानुवर्षं इथे एक रुपया टाकला नव्हता.

सोमवारी कॅप्टन एकटाच शेठकडे गेला. मी परतीच्या गाडीत होतो, संभाजीनगर मागे पडलं होतं, तेव्हा त्याचा फोन आला.

"काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले. नावाचं काही बोलले न्हाईत. तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागितला."

"मग?"

"मंग काय? सरांची वही फोटो काढून पाठवायलोय. दोनशे पानं हायेत. तू एक्सेलमध्ये टाक."

फोटो यायला लागले. पहिलंच पान : जून महिना, बॉल दोन नग, पंप एक, केळी. मी लॅपटॉप उघडला. शेवटच्या कॉलमला हेडिंग काय द्यावं यावर जरा अडलो, मग 'देणगीदार' असं टाइप केलं आणि खाली सरांचं नाव भरायला सुरुवात केली.